घोगऱ्या आवाजाची शिकवणी

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, थोड्या दुरुस्तीसह)



संयोजकांनी दोन महिन्यांपूर्वी फोन करून विचारलं, "पंधरा मिनिटं बोलशील का? विषय तुझा तू ठरव." त्यांना वाटलं असणार, सॉफ्टवेअरवाली आहे, एआयवर बोलेल, नाहीतर पोरांच्या करिअरवर. मी विषय कळवला तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग प्रश्न आला, "म्हणजे ते केस मोकळे सोडून वरडतात, ते?"

होय, तेच. त्या संगीताला प्रोग्रेसिव्ह डेथ मेटल म्हणतात आणि त्या ओरडण्याला ग्राऊल. गेली सोळा-सतरा वर्षं मी ते ऐकते आहे. सुरुवातीला अजिबात आवडलं नव्हतं. आवडायला किती वेळ लागला आणि मधे काय काय झालं, तेवढंच सांगणार आहे. शाळेतच हे का सांगायचं, त्याला कारण आहे, आणि ते कारण इथे दुसऱ्या रांगेत बसलं आहे. घाबरू नका, बाईंची परवानगी घेतली आहे.

आठवीत असताना आपल्या स्नेहसंमेलनात समूहगीत होतं. केशवराव भोसले नाट्यगृहात कार्यक्रम, त्यामुळे तालीम जोरात. माझा आवाज तेव्हाही असाच होता, घोगरा, खाली बसलेला. सर्दी झाली आहे का, असं लोक अजून विचारतात. उंची चांगली म्हणून मला मागच्या रांगेत मधोमध उभं केलेलं. तिसऱ्या तालमीला बाई रांगेतून कान देत फिरल्या, माझ्यापाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव हं बाळा." रागावल्या नाहीत. उलट फार प्रेमाने म्हणाल्या, त्यामुळे मला रडताही येईना. मी ओठ हलवले. आमच्या गाण्याला दुसरं बक्षीस मिळालं, आणि ग्रुप फोटोत मी सगळ्यांत तोंड उघडून गाताना दिसते आहे.

त्यानंतर मी गायले नाही. प्रार्थनेत नाही, अंताक्षरीत नाही, लग्नाच्या मंगलाष्टकांत नाही. पोरगी झाल्यावर तिला अंगाईसुद्धा मोबाईलवर लावून द्यायची. हे काही फार मोठं दुःख होतं असं मी म्हणत नाही. चष्मा लागतो तसं ते अंगवळणी पडलं होतं.

इंजिनिअरिंग इथेच केलं, 2002 ला पुण्याला गेले. 2009 च्या सुमारास आमच्या टीममध्ये नागपूरचा एक पोरगा होता. रिलीजच्या रात्री आम्ही दोघं-तिघं पहाटेपर्यंत बसायचो. बिल्ड चालू असताना करायला काही नसतं, तेव्हा मी हेडफोन लावून किशोरीताई ऐकायची. एका रात्री तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही एवढं सावकाश चालणारं ऐकता, तर हे ऐकून बघा." त्याने ओपेथ नावाच्या स्वीडिश बँडचा 'डॅम्नेशन' हा 2003 चा अल्बम दिला. हळुवार गिटार, जुन्या चित्रपटातल्यासारखे की-बोर्ड आणि मिकाएल ओकरफेल्ट या गायकाचा अगदी मऊ, थोडा उदास आवाज. मला फार आवडलं. महिनाभर तेच ऐकलं. मग म्हटलं, यांचं अजून काही दे की. तो हसला आणि त्याने 2001 चा 'ब्लॅकवॉटर पार्क' दिला.

पहिल्या दोन मिनिटांत मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. विहिरीच्या तळातून कुणीतरी गुरगुरत होतं. शब्द कळत नव्हते, सूर सापडत नव्हता. मी त्याला विचारलं, "यात गायला दुसरा कोण घेतलाय?" तो म्हणाला, "दुसरा कोण? तोच आहे."

मला त्या रात्री झोप लागली नाही असं सांगितलं तर ते खोटं ठरेल, कारण रिलीजच्या रात्री तशीही झोप नसतेच. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. ज्याला इतकं गोड गाता येतं, तो माणूस मुद्दाम असा आवाज काढतो? माझा समज असा होता, आणि तुमच्यातल्या बहुतेकांचा असणार, की ज्यांना गाता येत नाही ते ओरडतात. इथे तर गाता येणारा ओरडत होता. मग त्याला त्यातून काहीतरी मिळत असणार, जे गोड आवाजातून मिळत नाही. ते काय, हे शोधायचं ठरवलं. इंजिनिअरचा स्वभाव, दुसरं काय.

आधी चुकीच्या वाटेने गेले. गाण्याचे शब्द छापून घेतले आणि वाचत वाचत ऐकायला लागले. त्याने एवढंच झालं की गाणं म्हणजे ऑडिट वाटायला लागलं, हा शब्द आला का, तो आला का. मग तो पोरगाच म्हणाला, "मॅडम, काही दिवस आवाजाकडे लक्षच देऊ नका. ड्रम ऐका." आणि तिथे मला आपली हलगी आठवली.

हलगी काय गाते? काहीच नाही. तिला सूर नाही, शब्द नाहीत. पण मिरवणुकीत हलगी-घुमकं सुरू झालं की कोल्हापूरचा माणूस जागेवर उभा राहू शकत नाही. हलगीवाला कुठे दाबतो, कुठे सोडतो, कडेला टिपरू कसं कडकडवतो, हे आपल्याला कुणी न शिकवता कळतं. मी ग्राऊल तसं ऐकायला लागले, ड्रमच्या शेजारी ठेवलेलं अजून एक चामड्याचं वाद्य म्हणून. पंधरा दिवसांत कान बसला. आवाज कुठे आघात करतो, कुठे मुद्दाम मागे राहतो, शब्दाचा शेवट कुठे तोडतो, हे दिसायला लागलं. गुरगुर होती तिथे आता लय होती.

दुसरी पायरी मला संगणकाने शिकवली. ऑडॅसिटी नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आवाजाचं चित्र बघता येतं. ओकरफेल्टचं साधं गाणं लावलं, तर एकावर एक समांतर रेघा दिसतात, दुरेघी वहीसारख्या. तो सूर आणि त्याचे स्वरांश. ग्राऊल लावलं, तर त्या रेघा पुसट होतात, त्यांच्यामध्ये आणखी रेघा उगवतात, आणि सगळ्यावर पावसासारखी खरखर. पण त्या पावसातही काही जाड पट्टे जागच्या जागी असतात. ते स्वर. म्हणजे आपले अ, आ, इ, ओ. स्वराचा आकार तोंडाच्या पोकळीत ठरतो, गळ्यात नाही. त्यामुळे गळ्यातला सूर विस्कटला तरी 'आ' हा 'आ'च राहतो. हे कळल्यावर मी कानांनी ते पट्टे शोधायला लागले आणि एक दिवस, कागद हातात नसताना, अख्खी ओळ ऐकू आली. तो आनंद मला अजून आठवतो. ढगाळ रात्री एखादं नक्षत्र सापडावं तसा.

गळ्यात नेमकं होतं काय, तेही सांगते, कारण आपल्या वर्गात तीन डॉक्टर आहेत आणि ते नंतर मला पकडणार आहेत. आपल्या स्वरतंतूंच्या थोडं वर आणखी दोन घड्या असतात. बोलताना त्या बाजूला गप्प असतात. ग्राऊल करणारे गायक त्या घड्या जवळ आणून त्यांनाही थरथरवतात. त्यांची थरथर संथ आणि ओबडधोबड, म्हणून तो खोल, फाटलेला आवाज. मंगोलियाच्या सीमेवर तुवा प्रांत आहे, तिथले कंठगायक ज्या अतिखालच्या आवाजात गातात, तोही याच घड्यांचा खेळ. नीट केलं तर घसा दुखत नाही आणि आवाज आपल्याला वाटतो तेवढा मोठाही नसतो. मायक्रोफोन तोंडाला चिकटवलेला असतो, त्याची ती करामत. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस नावाच्या बाई हे पद्धतशीर शिकवतात, मेटलमधले नावाजलेले गायक त्यांच्याकडे शिकले आहेत.

आणि हे फक्त पुरुषांचं कामही नाही. आर्च एनिमी या बँडमध्ये 2000 च्या अखेरीस अँजेला गोसो ही जर्मन बाई आली. 'वेजेस ऑफ सिन' हा तिचा पहिला अल्बम मी आधी ऐकला आणि फोटो नंतर पाहिला. मी ज्याला राकट दाढीवाला समजत होते, ती माझ्यासारखीच एक बाई होती. त्या दिवशी मी आरशासमोर उभी राहून उगाच घसा खाकरून बघितला, हे आज पहिल्यांदाच सांगते आहे.

आता तिसरी गोष्ट, मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी. हा आवाज गाण्यात कुठे येतो, ते बघायला पाहिजे. ओपेथचं 'द ड्रेपरी फॉल्स' हे गाणं दहा मिनिटांहून मोठं आहे. त्यात बराच वेळ तो साध्या, कण्हल्यासारख्या आवाजात गातो. मग मध्यावर कुठेतरी तो आवाज पुरेनासा होतो, आणि ग्राऊल येतं. आणि पुढे तो साधा आवाज परत येतो तेव्हा तो पहिल्यासारखा ऐकू येत नाही. त्या आवाजाच्या आत काय आहे ते आपण बघून आलेलो असतो. उलट जे बँड पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत नुसतं गुरगुरतात, ते मला आजही कंटाळवाणे वाटतात. या प्रकारात टाकाऊ माल भरपूर आहे. रक्तमांसाची वर्णनं करणारी गाणी मी ऐकत नाही, कुणाला ऐका असं म्हणतही नाही.

माझी परीक्षा 2011 ला झाली. ओपेथने 'हेरिटेज' नावाचा अल्बम काढला आणि त्यात ग्राऊल टाकलंच नाही. सगळं साधं गाणं. दोन वर्षांपूर्वी मला अगदी हेच हवं होतं. मी पूर्ण अल्बम ऐकला, आणि शेवटी लक्षात आलं की तासभर मी त्या आवाजाची वाट बघत होते. चतुर्थीच्या उपवासाच्या दिवशी नेमका तांबडा रस्सा आठवावा, तसं. पुढचे तीन अल्बमही तसेच. शेवटी 2024 च्या नोव्हेंबरमध्ये 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' आला. एका घरातल्या मृत्युपत्राच्या वाचनाची गोष्ट आहे. 2008 नंतर पहिल्यांदा त्यांच्या अल्बममध्ये ओकरफेल्टचा तो आवाज परत आला होता. तेव्हा तो पन्नाशीत. मी गाडी रस्त्याच्या कडेला लावून ऐकलं.

आपल्याकडेही हे चालतं बरं का. मुंबईत 2000 साली 'डेमॉनिक रिझरेक्शन' नावाचा बँड सुरू झाला, साहिल मखीजाचा. त्यांचा 2017 चा 'दशावतार' अल्बम आहे, मत्स्य, कूर्म, वराह अशी एकेका अवतारावर गाणी. नरसिंहावरचं गाणं मी आईला ऐकवलं. त्याआधीचा तिचा शेरा ठरलेला असायचा, "काय वरडाय लागलाय गं ह्यो? कुणी मारतंय का त्याला?" या वेळी मी तिला एवढंच विचारलं, खांब फोडून बाहेर आलेला नरसिंह कुठल्या आवाजात बोलला असेल? ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "ह्याच्यात बोलला असंल. पण बारीक कर जरा." (हा मखीजा यूट्यूबवर स्वयंपाकही शिकवतो. आईला ते जास्त पटलं.)

खरं तर आपल्या मातीत खरखरीत आवाजाला कधी कुणी नावं ठेवली नाहीत. शाहिराचा आवाज मधाळ असता तर अफजलखानाचा पोवाडा कुणी उभं राहून ऐकला असता? संबळावर उभा राहणारा गोंधळी, पट्टणकोडोलीच्या यात्रेतले धनगरी ओव्या म्हणणारे, चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलालात "चांगभलं" म्हणताना लाखोंचा फाटलेला एक आवाज. आपण ते सगळं आवाज म्हणून मान्य करतो. फक्त गाणं म्हटलं की आपल्याला एकदम लताबाई हव्या असतात.

आणि या गावाचं सगळ्यांत मोठं गाणं तर बिघडलेल्या आवाजातून उभं राहिलं आहे. माझे वडील पाटबंधारे खात्यात कारकून, पण देवल क्लबचे नेमाने जाणारे. 1883 पासूनची ती संस्था, तिथल्या सतरंजीवर मी किती वेळा झोपले असेन त्याला हिशेब नाही. त्यांनी मला अल्लादियाखाँसाहेबांची गोष्ट सांगितली होती. तरुणपणी अतोनात गायल्याने खाँसाहेबांचा आवाज गेला. बऱ्याच काळाने परत आला, पण तो पहिला आवाज नव्हता, जड आणि खरबरीत झाला होता. दुसरा कुणी असता तर गाणं सोडून देता. त्यांनी त्या आवाजाला काय झेपेल आणि काय शोभेल याचा विचार करून गायकीच नव्याने बांधली, आणि त्यातून ते पेचदार, लयीला धरून चालणारं जयपूर घराण्याचं गाणं झालं. 1895 ला ते शाहू महाराजांच्या दरबारात आले ते महाराज असेपर्यंत इथेच राहिले. म्हणजे केसरबाई केरकर आल्या, मोगूबाई कुर्डीकर आल्या, भूर्जीखाँसाहेबांकडे मल्लिकार्जुन मन्सूर आले, हे सगळं त्या आवाजाच्या मागोमाग. केसरबाईंचं एक गाणं 1977 ला व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलं. त्याचं मूळ शोधत गेलं तर ते एका बसलेल्या घशापाशी पोचतं.

लहानपणी ती गायकीही मला ओरडणंच वाटायची, हे कबूल करते. वडील म्हणायचे, तान मोजू नको, सम कुठे येते तेवढं बघ. पुढे नागपूरच्या पोरानेही तेच सांगितलं, फक्त समेच्या जागी ड्रम. वडील 2014 ला गेले. त्यांना मी ओपेथ कधी ऐकवलं नाही. ऐकवायला पाहिजे होतं.

आता माझ्या गाण्याचं. चार वर्षांपूर्वी पुण्याहून येताना कराडच्या अलीकडे, गाडीत एकटी असताना, पहिल्यांदा ग्राऊल करून पाहिलं. घसा आवळून, जोर लावून. दोन दिवस बोलता आलं नाही आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली. मग ऑनलाइन रीतसर शिकले. चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा श्वास सोडायचा, गळा मोकळा ठेवायचा, आणि त्या वाफेच्या वाटेत त्या वरच्या घड्या हलकेच आणायच्या. दुखलं की चुकलं, लगेच थांबायचं. आता मला दहा-बारा सेकंद नीट जमतं. एकदा किणी टोल नाक्यावर काच खाली करायच्या आधी थांबायला विसरले. नाक्यावरचा पोरगा दचकला, मग म्हणाला, "वहिनी, बरं वाटत नाही का?"

यातला सगळ्यांत अनपेक्षित भाग असा की ग्राऊल शिकताना माझा साधा आवाजही सापडला. घोगरा तो घोगराच, पण त्याला खाली जागा आहे, तिथे तो स्थिर राहतो. आठवीत आम्हाला मुलींच्या काळी चारमध्ये गायला लावलं होतं. त्या पट्टीत माझा आवाज फाटणारच होता. माझी पट्टीच दुसरी होती, आणि ते ओळखायला साठ पोरांच्या तालमीत कुणाला वेळ होता?

या कार्यक्रमाच्या निमंत्रणासाठी मी बाईंना फोन केला, तेव्हा पलीकडून आलेला आवाज मला ओळखू येईना. खोल, खरखरीत, मधेच तुटणारा. पस्तीस वर्षं साठ-साठ जणांच्या वर्गापुढे, खडूच्या धुरळ्यात, पंख्याच्या आवाजावर मात करत बोलल्या आहेत त्या. त्यांच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या, एक ऑपरेशन झालं. मी ती समूहगीताची गोष्ट सांगितली. त्यांना आठवत नव्हती. मग जरा थांबून म्हणाल्या, "आता भजनी मंडळात मीच ओठ हलवते गं." आम्ही दोघीही हसलो, पण नंतर थोडा वेळ कुणालाच काही बोलता येईना. इथे बसलेल्या अनेक सरांचे आणि बाईंचे आवाज आज सकाळपासून ऐकते आहे. ते कशाने झिजले हे आपल्या बॅचला माहीत आहे. त्यातले काही डेसिबल माझ्या नावावर आहेत.

मी बाईंना म्हटलं, तुमची पट्टी बदलली आहे, खाली उतरून बघा, पांढरी एक-दोनपाशी. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, की मंडळातल्या पेटीवाल्याशी त्यांचं त्यावरून भांडण चालू आहे. तो म्हणतो बाकीच्या बायकांना इतकं खाली जमत नाही. भांडण मिटलेलं नाही.

माझा वेळ संपला आहे, अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. ज्यांना ऐकून बघायचं आहे त्यांनी जेवणानंतर भेटा, हेडफोन दोन आणलेत. सुरुवात 'डॅम्नेशन'पासून करू, एकदम खोल पाण्यात ढकलणार नाही. ग्राऊल करून दाखव असं मागून कोण ओरडतंय ते मला कळलंय, तुला गाडीत दाखवते.

शेवटी सगळ्यांनी मिळून शाळेची प्रार्थना आहे. मी मागच्या रांगेत मधोमध उभी राहणार आहे आणि म्हणणार आहे. बाईंनी सांगितलंय, त्या माझ्या शेजारी उभ्या राहतील. पेटी कोण वाजवणार आहे त्याने कृपया आधी आम्हाला येऊन भेटावं.